आबांचा पोपट गाडीत चढतो

आमच्या वाडीत साधं शेरडू बाजाराला न्यायचं म्हटलं तरी लोक आधी जाणत्या धुळाआबांचं तोंड का बघायचे? मी ज्याला त्याला विचारलं. जो तो म्हणायचा, "आबा म्हणतील तसं!" माझ्या थोरल्या बहिणीनं, आनसाआक्कानं, जनावरं न्यायला जुनी पिकअप घेतली, मागं उंच जाळी ठोकून घेतली, मला क्लीनर केलं. तरी गाडी पारापाशी रिकामीच!

शेवटी आक्का आबांपुढं उभी राहिली. "आबा, एकदा तुमचं जनावर आमच्या गाडीत घाला. मग सगळे घालतील."

"घालतो की! माझा पोपट न्या प्रदर्शनाला!"

सगळा पार खदखदला. पोपट म्हणजे आबांचा खिलार खोंड. त्याची आई मेल्यावर आबांनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. आबा न्हाव्याकडं गेले तरी हा दारात उभा! पण गाडीत चढायची फळी दिसली की चारी पाय रोवायचा.

"दोर नाही, काठी नाही, वैरण दाखवायची नाही!" आबा म्हणाले. "तुम्हा दोघांचा हातही लागायचा नाही. चढला नाही तर गाडी विकायची!"

"कबूल!" मी ओरडलो.

आक्कानं माझ्या पाठीत धपाटा घातला. "आता हा बोललाच आहे, तर कबूल!"

सकाळी तिनं गाडी उलटी नेऊन मळ्याच्या उंच तालीला, मातीच्या बांधाला, टेकवली. गाडीचा तळ आणि जमीन एका पातळीत! फळीच नको! आत पाचट अंथरलं. पोपटानं वास घेतला, शेपटी उडवली आणि तिथंच थांबला. वाडी हसायला लागली. माझं तोंड एवढंसं झालं.

आक्का शांत. "आबा, तुमचा पोपट नाजूक. खुराला काही टोचलं तर बोल आम्हाला. आधी आत बघून घ्या की!"

खोड काढायची म्हटल्यावर आबा कशाला थांबतात! ताडताड आत गेले. "हे पाचट ओलं आहे! हा पत्रा हलतोय! आणि हा खिळा गं, आनसे?"

"कुठला, आबा?"

"हा! पार पुढं!"

आबांच्या मानेवर ओलं ओलं लागलं. वळून बघतात तर पोपट मान चाटतोय! मी गाडीचा मागचा फाळका धाडकन लावला.

"अगं, मी आत आहे!"

"राहा की! पोपट एकटा घाबरतो!"

"लबाड पोरी! दोर नाही, काठी नाही, आणि मलाच कामाला लावलंस!" आबा हसता हसता पाचटात बसले. पोपटाच्या गळ्यातली पितळी घंटा सोडून त्यांनी आमच्या जाळीला बांधली. "आजपासून वाडीचं प्रत्येक जनावर ह्याच गाडीतून!"

गाडी बरीच वर्षं चालली. परवा आक्का गेली. अग्नी द्यायला मळ्यात तिला त्याच गाडीतून नेलं. आबा मागं तिच्याजवळ बसले. गाडी मी चालवली, आणि त्याच तालीला टेकवली. सगळ्या वाटेत मी हळू हाकत जाळीची घंटा एकदाही वाजू दिली नाही.