नावाड्याची बायको पहिली

सोनवडीच्या राजाचे खजिनदार अंताजीपंत इतके हुशार होते की चूक झाली तरी ती दुसऱ्याचीच निघे. सावकारांचे व्याज उतरावे म्हणून पंतांनी हुकूम काढला. सावकारांना खजिन्यातून जवळजवळ फुकट पैसा मिळेल. नफा झाला तर तो त्यांचा, पैसा बुडाला तर तोटा खजिन्याचा.

व्याज उतरले खरे. सावकार तर इतके दिलदार झाले की मोरांकडून अंडी उबवून घेऊ म्हणणाऱ्यालाही कर्ज मिळू लागले. बुडालेले खजिना भरून देई, आणि खजिना रयत भरी.

राणी सुगुणाबाईंनी शंका काढली, तेव्हा पंत हसले. “राणीसाहेब, भीती गेली की माणूस हिमतीने धंदा करतो.”

पुढे नदीला पूर आला, आणि पंतांचा सत्कार नेमका पैलतीरी होता. सोनवडीची रीत अशी, की नाव जपून चालावी म्हणून पुरात पहिल्या खेपेला नावाड्याने आपल्या बायकोलाही नावेत बसवायचे. पंत बसले, पण नावाडी एकटाच होता आणि खुशीत गुणगुणत होता.

“याची बायको कुठे आहे?” पंतांनी काठावरच्या राणीला विचारले.

“घरी. मी कालच हुकूम काढलाय. लवकर पोचला तर दुप्पट भाडे त्याचे, बुडाली तर नवी नाव खजिन्याची. भीती गेली, आता हिमतीने वल्हवेल.”

“आणि मी?”

“त्याला पोहता येते. तुमचे काय होईल, ते रयतेला विचारा.”

पंत उतरले. संध्याकाळी नवा हुकूम निघाला: प्रत्येक कर्जात पहिली थैली सावकाराच्या घरची, आणि कर्ज बुडाले तर आधी तीच बुडेल. व्याज जरा चढले, पण मोर सुटले.