तळ्यावरून गेलेला अग्निगोल

माणसांनी डोंगरांना नावं दिली नव्हती, तेव्हा एका डोंगरमाथ्यावरच्या तळ्याकाठी मोर, सांबर आणि एक म्हातारी, आंधळी कासवीण राहत असत.

एका संध्याकाळी, आभाळ अजून जांभळं असताना, मोठा अग्निगोल तळ्यावरून सरकत गेला. पाणी क्षणभर उजळलं आणि पुन्हा सावळं झालं.

"काय रे, एकदम गप्प का झालात?" कासवीण म्हणाली.

"आजी, आभाळातून हिरवा जाळ गेला!" मोर म्हणाला.

"हिरवा कुठला? तांबडा होता," सांबर म्हणालं.

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

शब्दाने शब्द वाढत गेला. "उद्यापासून या तळ्यावर पाऊल टाकू नकोस," असं म्हणत सांबर शिंगं रोखून उभं राहिलं.

"थांबा," कासवीण हळूच म्हणाली. "ऐका."

डोंगरांपलीकडून एक खोल, मंद गडगडाट आला, तळ्यावरून गेला आणि विरला. 

"त्या जाळाचाच आवाज! आजी, तो येणार हे तुला कसं कळलं?" मोराने विचारलं.

"कळलं नव्हतं रे. मला काही दिसलं नाही, म्हणून मी अजून कान देऊन वाट बघत होते."

सांबराने शिंगं खाली केली. मग दोघंही तिच्या शेजारी बसली आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.