गालाचा पुरावा

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकाचं पोट भरलं की मुलांचे गुण भरतात, अशी आमच्या शाळेची जुनी श्रद्धा. त्या वर्षी परीक्षक म्हणून आलेल्या उंब्रजकर सरांना पिठलं-भाकरी होती. सरांनी बुक्कीने कांदा फोडला, घाईघाईत खाल्ला आणि स्वतःचाच गाल जोरात चावला. तेव्हापासून गालावर हात आणि कपाळावर आठ्या.

जेवणानंतर पहिला नंबर सुलक्षणा गावडेचा. मघाशी त्यांना तिनेच वाढलं होतं. बाकी सगळ्यांनी पुस्तकातलं चित्र वहीत उतरवलं होतं. सुलक्षणाने कांद्याच्या पापुद्र्याची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसली तशी काढली होती.

"हिरवे कण कुठायत?" सरांनी वही आपटली. "वनस्पतीच्या पेशीत हरितलवकं असतातच. शून्य देऊ?"

"सर, ती पानांत असतात, उन्हात अन्न तयार करायला. कांदा जमिनीखाली वाढतो, त्याला ती कशाला लागतील?"

"मग ही वनस्पतीची पेशी कशावरून? प्राण्याची का नाही?"

"भिंतीवरून. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून टणक भिंत असते, प्राण्याच्या पेशीला नुसतं पातळ पटल."

"हे पाठांतर झालं. पुरावा दे."

सुलक्षणाने अदबीने त्यांच्या गालाकडे पाहिलं. "सर, मघाशी तुम्ही कांदाही चावलात आणि गालही. करकर आवाज कशाचा आला?"

सरांनी वीसपैकी वीस दिले.

पुढच्या वर्षी त्यांचं पत्र आधीच आलं: जेवण साधं ठेवावं, कांदा वाढू नये.