महाराजांनी घेतलेला श्वास

श्रोते हो, भानगिरी महाराजांचा मुक्काम तेव्हा निंबखोरी गावाबाहेर, खंडोबाच्या पडक्या देवळात होता. महाराज कोणाला मंत्र देत नसत, अंगारा देत नसत. माणूस पाहून एखादी सवय लावून देत आणि ती मात्र मोडू देत नसत.

गावातला शिदू विहिरींचा गाळ काढायचा. भारी तापट माणूस. एकदा रागाच्या भरात त्याने फावडं मारून स्वतःच्याच बैलाचा पाय मोडला आणि रडत महाराजांकडे आला. महाराज म्हणाले, "राग येवो, भीती वाटो, हात उचलण्याआधी पोटभर श्वास घे, देवाचं नाव घे. मग काय करायचं ते कर." शिदू त्याच दुपारी विसरला आणि बायकोवर ओरडला. महाराज म्हणाले, "विसरलास ना? मग आत्तापासून पुन्हा धर." असं पडत-झडत वर्ष गेलं आणि सवय अंगात मुरली.

गावाला मात्र चेष्टेला विषय मिळाला. खंडेराव पैलवान तर त्याला 'थांबा महाराज' म्हणूनच हाक मारायचा. "ह्याच्या घराला आग लागली, तर हा आधी जप करील," म्हणायचा आणि मांडीवर थाप मारून हसायचा. ताकदीचा माज वाईट, दुसरं काय!

चैत्रात खंडेरावाच्या परसातली जुनी विहीर आटली. गाळ काढायला शिदू आणि त्याचा जोडीदार पिराजी आले. अशा आटलेल्या खोल विहिरीत आधी दोराला बांधून कंदील सोडायचा आणि तो विझला तर आतली हवा मारणारी समजायची, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. शिदू ओसरीवर कंदील पेटवत बसला. पण खंडेरावाला कुठला धीर? "दिवसाढवळ्या कंदील कशाला?" म्हणत त्याने धाकट्या भावालाच, सर्जेरावाला, खाली उतरवलं. सर्जेराव तळाला पोचला, एकदा खोकला आणि कोसळला. ते पाहून पिराजी धावला. शिदू थांब थांब म्हणेपर्यंत तो दोर धरून खाली सरकला होता. तोही सर्जेरावाशेजारी पडला आणि हलेनासा झाला.

आता खंडेराव स्वतःच उडी घ्यायला निघाला. शिदू आडवा आला. खंडेरावाने त्याच्या तोंडात अशी मारली की ओठ फुटला. शिदूने श्वास घेतला, नाव घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "पैलवान, आणखी मारा. पण खाली गेलात तर तिसरं प्रेत काढावं लागंल. लिंबाचे डहाळे तोडून आणा."

डहाळे दोराला बांधून वरखाली केले, आतली हवा ढवळली. कोंडलेली हवा हलावी म्हणून बायकांनी घराघरातून पाण्याच्या घागरी आणून ओतल्या. कंदील सोडला, विझला. पुन्हा सोडला, पुन्हा विझला. खंडेराव कपाळ बडवून घेत होता.

त्याच वेळी इकडे देवळात महाराज जेवायला बसले होते. हातातला घास गळून पडला. चेहरा काळानिळा झाला, छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. सेवेकरी घाबरून रडू लागले. महाराज धापा टाकत एवढंच म्हणाले, "शिदूनं धीर धरलाय. मलाही धरू द्या."

विहिरीवर कंदील तिसऱ्यांदा सोडला आणि या वेळी तो जळत राहिला. शिदू कमरेला दोर बांधून उतरला. सर्जेरावाला वर काढलं, काही वेळाने त्याने डोळे उघडले. इतका वेळ तसल्या हवेत माणूस जगतो का? नाही जगत. पण तो जगला. पिराजी मात्र गेला होता.

देवळात काय घडलं ते कळताच खंडेराव धावत आला आणि महाराजांच्या पायांशी वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "दोघांसाठी श्वास घेत होतो रे. एकालाच पुरला. माझ्या पाया काय पडतोस? तुझ्या भावासाठी जो मेला, त्याच्या दारात जा."

खंडेराव गेला. प्रेत अंगणात ठेवलं होतं, उशाशी पिराजीची बायको यमुना बसली होती. जन्मात कोणापुढे न वाकलेला तो पैलवान तिच्यापुढे मातीत आडवा झाला. "वैनी, माझ्या घाईनं गेला तो," एवढंच त्याला बोलता आलं.

यमुनेने त्याच्याकडे पाहिलं नाही. "खांदा द्यायला माणसं कमी आहेत," ती म्हणाली.

खंडेराव उठला आणि तिरडी बांधायला बसला.