गार झाल्यावर कापायचं

एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. सांगाल ते मनापासून करायचा आणि सांगितलेलं कधी विसरायचा नाही. सगळी अडचण तीच होती.

त्याचं लग्न काही जमत नव्हतं. शेवटी पुण्याचं एक स्थळ आलं. केरबाची थोरली बहीण इंदू पुण्यातच अकराव्या मजल्यावर राहायची. ती म्हणाली, "मुलीकडच्यांना रविवारी माझ्याकडंच येऊ देत. तू आधी ये आणि जरा इथली रीत शीक. हे स्थळ गेलं तर दुसरं येईल असं वाटत नाही मला." केरबा पिशवी घेऊन आला.

इंदूच्या गॅलरीतून सगळं शहर दिसायचं. पर्वती, नदीवरचे पूल, पुलावरच्या इवल्याशा बसगाड्या. केरबानं पोटभर बघून घेतलं. मग त्याला वाटलं, बहिणीकडं आयतं बसून खाऊ नये. तो स्वयंपाकघरात शिरला.

ओट्यावर काळाकुट्ट नॉनस्टिक तवा होता. केरबानं कुंडीतली माती घेतली, काथ्या घेतला आणि तवा पांढरा होईपर्यंत घासला.

"आक्का, किती वर्साची काजळी साठली हुती गं."

इंदूनं कपाळाला हात लावला. "काजळी नव्हती ती. असलं भांडं घासत नाहीत. मऊ फडक्यानं हळूच पुसायचं."

"असं व्हय? आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी दूध करपलं. केरबानं ते पातेलं मांडीवर घेतलं आणि मऊ फडक्यानं दुपारपर्यंत तान्ह्या बाळासारखं हळूच पुसत बसला. करपलेलं होतं तसंच राहिलं.

"अरे, करपलेलं असं निघतं का?" इंदू म्हणाली. "पाण्यात भिजत घालायचं. सकाळपर्यंत आपोआप सुटतं."

"असं व्हय? आता ध्यानात ठेवतो."

त्याच संध्याकाळी मिक्सरला चटणी चिकटली. केरबानं तो वायरीसकट बादलीत भिजत घातला. सकाळी चटणी सुटली होती. मिक्सर मात्र पुन्हा कधी बोलला नाही. इंदूनं तो उचलून भंगारात टाकला.

मग म्हणाली, "केरबा, यापुढं कशालाही हात लावायच्या आधी मला विचारायचं. विचारल्याशिवाय काही करायचं नाही."

"असं व्हय? आता ध्यानात ठेवतो."

रविवार उजाडला. पाहुण्यांसाठी इंदूनं केक करायला घेतला. मिक्सर नव्हता, म्हणून हातानंच फेटला. कुकरची शिट्टी आणि रिंग काढली, तळाला मीठ पसरलं आणि केकचा डबा आत ठेवला. घरभर वेलचीचा वास सुटला. केक फुगून तयार झाला, तेवढ्यात चहाचं दूध नासलं.

"मी खाली जाऊन दूध आणते. लिफ्ट बंद आहे, वेळ लागेल," ती म्हणाली. "केक गॅलरीत वाऱ्याला ठेव. गरम असताना सुरी लावू नकोस, चुरा होतो. गार झाला की कापायचा."

केरबानं सगळं सांगितल्यासारखं केलं. केक गार केला, कापला, ताटलीत मांडला. एक तुकडा मोडला नाही.

एवढ्यात बेल वाजली. मुलीचे वडील मगदूम आणि तिचे मामा अकरा मजले चढून आले होते. घामानं निथळत होते. केरबानं मगदुमांच्या हाताला हात लावून बघितला. चांगलाच गरम होता.

त्यानं दोघांना गॅलरीत नेलं, खुर्च्यांवर बसवलं आणि दार लावून घेतलं.

इंदू दूध घेऊन आली. पाहुणे गॅलरीत कोंडलेले दिसले. तिनं धावत जाऊन दार उघडलं.

मगदूम हसत होते. "काय वारा आहे हो तुमच्याकडं. सगळं पुणं बघून झालं. दमून आलेल्या माणसाला आधी निवांत बसू द्यावं, लगेच प्रश्न विचारू नयेत, हे हल्ली कुणाला सुचतं? मुलगा समजूतदार आहे. आमच्याकडून होकार समजा."

इंदूच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊ एकदाचा मार्गी लागला.

मागून केरबा आला. त्यानं मगदुमांच्या हाताला पुन्हा हात लावून बघितला. हात थंडगार लागला. त्याच्या दुसऱ्या हातात सुरी होती.

विचारल्याशिवाय काही करायचं नाही, हे त्याच्या पक्कं ध्यानात होतं.

"आक्का," त्यानं विचारलं, "पावणं गार झाल्यात. ह्यांचं किती तुकडं करू?"