धनेशाच्या पहाऱ्यातलं भांडार

एका राज्यात, जिथे डोंगर रात्री फिरायला जात आणि उजाडायच्या आत मुकाट जागेवर येऊन बसत, तिथे एक राणी होऊन गेली. तिने कलावंतांच्या अडल्या वेळेसाठी मोहरांचं भांडार राखून ठेवलं होतं. नाचणाऱ्याचा पाय मोडो, गाणाऱ्याचा आवाज बसो, त्याने यावं आणि ओंजळभर घेऊन जावं. हे करटमुख नावाच्या मायाव्याला पाहवेना. कुणाला काही फुकट मिळालं की याच्या पोटात दुखे. त्याने शाप घातला: गुण दाखवल्यावाचून जो मोहर घेईल, त्याच्या हाती वाळकं पान येईल. आणि परीक्षेसाठी दारावर एक बोलका धनेश पक्षी बसवला. पुढे भांडार भरलेलंच राहिलं. धडधाकट कलावंताला त्याची गरज नव्हती, आणि गरजवंताला परीक्षा झेपत नव्हती.

मग एके वर्षी करटमुखाच्या मायेचं निळं धुकं उतरलं. जत्रा मोडल्या, मांडव सुने पडले. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या केवडाचा उजवा हात त्या धुक्याने लुळा केला. घरात म्हातारे वडील कालपासून उपाशी. दारात सरपणवाला बसलेला. पायलीभर ज्वारीच्या बदल्यात त्याला बाहुल्यांची पेटी चुलीसाठी हवी होती. वडिलांनी कोरलेल्या बाहुल्या त्या. सांजेपर्यंत थांब, असं त्याला विनवून ती पेटीसह भांडाराकडे निघाली. मागून वडील म्हणाले, “खेळ केल्यावाचून बिदागी घ्यायची नाही, पोरी. घराची रीत आहे.”

धनेशाने पहिली कसोटी सांगितली: दारातल्या दगडी वाघाला हसव. केवडाने बाहुल्यांच्या तोंडून नवराबायकोचं असं भांडण लावलं, की वाघाच्या मिशांवरची धूळ झडली. धनेश “थांब” म्हणून उडाला, समोरच्या वडाच्या लिंपलेल्या ढोलीच्या फटीत उंबर भरवून परतला. दुसरी कसोटी: झऱ्याला निजव. तिने डाव्या हाताने तान्ही बाहुली जोजवली, झरा निजला. धनेश पुन्हा ढोलीकडे जाऊन आला.

तिसरी कसोटी होती राजा, राणी आणि हत्ती एकदम नाचवण्याची. त्याला दोन हात लागतात. केवडाने दातांत दोऱ्या धरल्या, पण हत्ती राजावर कोसळला आणि सगळा गुंता झाला. तिला रडू आवरेना.

“परीक्षा संपली,” धनेश म्हणाला. “परत जा.”

डोळे पुसत तिने विचारलं, “त्या ढोलीत कोण आहे?”

“माझी पत्नी. अंडी उबवते आहे. पिसं गळलीत, तिला उडता येत नाही.”

“मग आधी उडून दाखव, असं तुम्ही तिला का म्हणत नाही?”

धनेशाने ढोलीकडे मान वळवली. निजलेला झरा तेवढा कूस बदलत होता.

“ती पक्षीणच आहे,” तो शेवटी म्हणाला.

“मीही कलावंतच आहे, महाराज. आज हात चालत नाही. घरी बाबा उपाशी आहेत. आज द्या.”

मागताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मात तिने असं काही मागितलं नव्हतं. तरी तिने डावा तळवा पुढे केला आणि डोळे मिटले. धनेशाने आपण होऊन चोचीने एक मोहर उचलली, तिच्या हातावर ठेवली. मोहर जड होती, तिचं पान झालं नाही. करटमुखाच्या शापाला उःशाप एवढाच होता, की पहारेकऱ्याने न पारखता द्यावं. आजवर त्याला ते सुचलंच नव्हतं. दारं उघडली, धुकं विरलं, आणि दूर कुठेतरी करटमुख मिठासारखा विरघळून गेला.

सरपणवाला रिकाम्या हाताने गेला. मोहरेतून आणलेल्या तांदळाचा भात वाढल्यावर वडिलांनी विचारलं, “खेळ केलास?”

“नाही, बाबा. मागितलं.”

म्हाताऱ्याने तिच्या लुळ्या हाताकडे पाहिलं. मग ताट जवळ ओढलं आणि पहिला घास तिला भरवला.

त्या राज्यात रीत बदलली ती तेव्हापासून. भांडाराच्या दारी कुणीही कलावंत आला, की धनेश त्याला एवढंच विचारतो, “जेवलात का?”