हैबतीचे रुमाल

एका शहराच्या जुन्या पेठेत एक भोळा कासार होता. नाव हैबती, पण त्याला कोंबडीसुद्धा घाबरत नसे. बांगड्यांचं दुकान बायको चालवायची, पारूबाई. हैबती नुसता दारात उभा राहायचा.

पेठेत एकच बस यायची. उतरलेली माणसं बांगड्या भरत, भेळ खात, दाढी करून घेत. बस होती म्हणून पेठ होती.

एकदा हैबती त्या बसने सासुरवाडीला गेला, तो उभ्यानेच. पारूबाई म्हणाली, “अहो, आधी खिडकीतून रुमाल टाकावा. मग जागा आपली!”

दुसऱ्या दिवशी तो न्हाव्याकडे गेला. खुर्चीत गिऱ्हाईक होतं. हैबतीने खिडकीतून रुमाल टाकला, तो थेट साबण लावलेल्या तोंडावर.

न्हावी ओरडला, “अरे, बसलेल्याला आधी विचारावं, कधी उठणार?”

हैबती दुकानात परतला. एक बाई बांगड्या भरत बसली होती. त्याने नम्रपणे विचारलं, “कधी उठणार?”

ती तेव्हाच उठली. पारूबाईने कपाळावर हात मारला. “अहो, आलेल्याला म्हणावं, बसा, घाई कसली, चहा घ्या!”

मग बातमी आली. मंगळवारी पुढच्या चौकात बस कंपनीचा साहेब उभा राहणार, बस रिकामी दिसली तर बंद करणार. पारूबाईने बसच्या वीस जागा भरायला वीस माणसं थांब्यावर उभी केली आणि स्वतः चौकात गेली.

हैबती थांब्यावर आला. म्हणाला, “बसा, घाई कसली, चहा घ्या!”

वीसही जण दुकानाच्या सावलीत बसले. चहा उकळतोय तोच बस आली. पण हैबती आता शहाणा झाला होता. त्याने सगळ्यांचे रुमाल घेतले आणि खिडक्यांतून आत टाकले. “प्या निवांत! जागा आपली!”

बस निघून गेली.

पुढच्या थांब्यावर आठ-दहा जण चढले. रुमाल बघून बिचारे उभेच राहिले. साहेबाने चौकातून पाहिलं आणि लिहिलं, ‘बसायला जागा नाही. आणखी एक बस द्यावी.’

पेठेने हैबतीला डोक्यावर घेतलं. पारूबाईचे डोळे भरले. “तुमच्या रुमालांनी पेठ वाचवली हो!”

नवी बस आली त्या दिवशी सगळे दुकानदार तिला हार घालायला थांब्यावर गेले. दुकानं हैबतीवर सोपवली. दोन बसभर माणसं उतरली, पेठेत शिरली आणि मुकाट परत फिरली.

पारूबाई धावत आली. स्टुलावर रुमाल. न्हाव्याच्या खुर्चीवर रुमाल. भेळवाल्याच्या बाकावर चार रुमाल.

मधोमध हैबती उभा, छाती फुगवून. “बघ पारू, पेठेत एकसुद्धा जागा रिकामी नाही!”